खाणीतल्या हवेचा डॉक्टर

उन्हाळ्यात आमच्या मळ्यातल्या पडक्या विहिरीचा गाळ काढायचा होता. काका उतरायला निघाले, तर आजोबांनी थांबवलं. त्यांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तळाशी जाताच तो विझला! काका त्या दिवशी उतरलेच नाहीत. शाळेत हे सांगितलं, तेव्हा गुरुजींनी मला जॉन स्कॉट हॉल्डेन यांची गोष्ट सांगितली.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. ते डॉक्टर होते. वाईट हवेचा अंगावर काय परिणाम होतो, हे ते स्वतःवरच प्रयोग करून बघायचे. तेव्हा तिकडच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन पुष्कळ मजूर मरत. १८९६ साली हॉल्डेन यांनी दाखवून दिले की, त्यातले बरेच जण भाजून नव्हे, तर स्फोटानंतरच्या विषारी वायूने मरतात. त्या वायूला वास नसतो. म्हणून खाणीत छोटे प्राणी न्यावेत, असे त्यांनी सुचवले. पुढे कॅनरी पक्षी नेऊ लागले. पक्षी कोसळला की माणसं बाहेर पळत.

एकदा त्यांनी आपल्या लहान मुलाला खाणीत नेलं. उभं राहून नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात त्याला धाप लागली आणि तो खाली पडला. खाली मात्र त्याला बरं वाटलं! खाणीतला मिथेन वायू हलका असतो, तो छताशी साठतो. विहिरीतला वायू जड, तो तळाशी बसतो.

मी विचारलं, खाणीत हवा खेळती ठेवतात, तरी वायू साठतो कसा? गुरुजींनी आम्हाला शेतातल्या पाटावर नेलं. सिमेंटच्या पाटात पाणी सरसर गेलं. दगडगोट्यांच्या पाटात ते अडखळलं, आणि कडेच्या खळग्यात पाला जागीच फिरत राहिला. हवेचंही तसंच. सुरुंगाने फोडलेला खडक ओबडधोबड असतो. हवा त्याला घासते, तिचा जोर कमी होतो. छताच्या खोबणीत वायू तसाच राहतो. म्हणून खडबडीत खाणीला जास्त ताकदीचा पंखा लागतो.

हॉल्डेन १९३६ साली वारले. त्यांचा तो मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, मोठा शास्त्रज्ञ झाला. तो १९५७ साली भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

आईबाबांनो, कंदील विझला तर विहिरीत कुणीच उतरू नका. आमचे काका थांबले, म्हणून आज घरी आहेत.

– इयत्ता चौथी, राजूर