पानाला कवितेइतकेच जपणारा कवी

लंडनचा विल्यम ब्लेक अठराव्या शतकाच्या अखेरीस कविता आणि चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर उमटवून स्वतःच छापत असे. मराठीत त्या जातकुळीचे कवी म्हणजे अरुण कोलटकर. कोल्हापुरात जन्मलेले कोलटकर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि जाहिरात क्षेत्रात नामवंत झाले. कविता मात्र त्यांनी कायम स्वतःच्याच अटींवर छापली.

१९७६ मध्ये कविमित्रांसह त्यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था उभारली. तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठेही त्यांचीच. तेथूनच आलेल्या इंग्रजी ‘जेजुरी’त एका पानावर शब्दच वरखाली उड्या घेतात आणि शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या चक्क डोळ्यांना दिसतात. या संग्रहाला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. एवढ्या कीर्तीनंतरही मराठी कवितांसाठी त्यांनी अशोक शहाणे यांचे छोटेखानी ‘प्रास प्रकाशन’च निवडले. पुस्तके सहजी मिळत नसत, हा या हट्टाचा तोटा.

१९७७ च्या मराठी संग्रहानंतर ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ येण्यास २००३ साल उजाडले. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘भिजकी वही’चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या पश्चात, २००५ मध्ये जाहीर झाला.