टेलफेअरसाहेबांची सापसुरळी

मंडळी, महाराष्ट्रात सापसुरळीला 'सापाची मावशी' म्हणतात. आपल्या मॉरिशसमध्ये या मावशीची एक फूटभर लांब, थोराड जात आहे. ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिला चार्ल्स टेलफेअर यांचे नाव मिळाले आहे. या वेळी त्यांची ओळख करून घेऊ.

टेलफेअर यांचा जन्म १७७८ साली बेलफास्टचा. ब्रिटिश आरमारात ते शल्यचिकित्सक होते. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा ते इकडे आले आणि गव्हर्नर फार्कर यांचे सचिव झाले. झाडाझुडपांचे वेड भारी! पांप्लमूसच्या बागेची देखरेख त्यांनी केली. दक्षिण चीनमधून आणवलेली बुटकी केळी त्यांनी १८२९ मध्ये इंग्लंडला पाठवली. तीच पुढे 'कॅव्हेंडिश' म्हणून प्रसिद्ध झाली. जळगावची बसराई याच गटातली. पत्नी ॲनाबेला वनस्पतींची सुंदर चित्रे काढत.

१८२९ मध्येच त्यांनी मित्रांसह निसर्ग-इतिहासाचे मंडळ स्थापन केले. त्यातले सहकारी ज्युलियाँ देजार्दँ यांनी १८३१ मध्ये या सापसुरळीचे वर्णन करून तिला टेलफेअर यांचे नाव दिले.

पण दुसरी बाजूही आम्हाला सांगितलीच पाहिजे. बेल ओंब्रचा त्यांचा उसाचा मळा गुलामांच्या कष्टावर चालत होता. इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधकांनी टीका केल्यावर १८३० मध्ये त्यांनी स्वतःच्या बचावासाठी पुस्तक लिहिले. १८३३ मध्ये पोर्ट लुईला ते वारले. दोनच वर्षांनी येथील गुलामगिरी संपली, आणि मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येत राहिले. त्यांत आपली मराठी माणसेही होती.

सापसुरळीचे काय झाले? मुख्य बेटावर उंदरांनी आणि इतर परक्या प्राण्यांनी तिचा नायनाट केला. उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवरच्या राउंड आयलंडवर उंदीर कधी पोहोचले नाहीत, म्हणून ती तिथे तगली. मात्र माणसांनी सोडलेल्या बकऱ्या आणि सशांनी तिथले ताडाचे रान ओरबाडले होते. १९७९ पर्यंत बकऱ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यावर रान पुन्हा सावरू लागले. २००६-०७ मध्ये काही सापसुरळ्या इल ओ एग्रेत आणि गनर्स क्वॉइन या बेटांवरही सोडण्यात आल्या.

इल ओ एग्रेतला मुलांना घेऊन जरूर जा. सापसुरळी दाखवा, आणि ज्यांच्या घामावर तो मळा पिकला त्यांचीही गोष्ट सांगा. त्यांची नावे कुठल्याच प्राण्याला मिळाली नाहीत.