अशोक राजाने लावलेले वड

मला अशोक राजा फार आवडतो. तो सव्वादोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या आजोबांचे नाव चंद्रगुप्त मौर्य व वडिलांचे बिंदुसार. राजधानी पाटलीपुत्र, म्हणजे आताचे पाटणा.

इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास त्याने कलिंग देशाशी लढाई केली. तिच्यात एक लाख माणसे मेली. लढाई तोच जिंकला, पण त्याला फार वाईट वाटले. मग त्याने लढाया सोडल्या. लोकांनी कसे वागावे ते त्याने दगडांवर कोरून ठेवले. तसले दगड आपल्या पालघर जिल्ह्यात नालासोपाऱ्याकडे पण सापडले. एक १८८२ साली, दुसरा १९५६ साली. तेव्हा सोपारा मोठे बंदर होते. पहिला तुकडा ज्या लेखाचा आहे त्यात अशी हकीकत आहे की, आधीचे राजे शिकारीला फिरायचे, अशोक लोकांना भेटायला फिरू लागला.

मला वाटतं, फिरताना त्याला ऊन लागलं असेल. तेव्हा मोटारी कुठे होत्या? म्हणून त्याने रस्त्याच्या कडेला वड लावले. माणसांना आणि गुरांना सावली मिळावी म्हणून लावले, हे एका खांबावर कोरलेले आहे. तो खांब आता दिल्लीत आहे. त्याने आमराया लावल्या, विहिरी खणल्या, पाणपोया केल्या. औषधी झाडे जिथे नव्हती तिथे दुसरीकडून आणून लावली. इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास तो वारला.

आमच्या फाट्यावर पण वड होता. रस्ता रुंद केला तेव्हा तो तोडला. आता आजी मनोरला जायला निघाली की एसटी येईस्तोवर डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी राहते.

यंदा आमच्या वर्गाला तिथे एक झाड लावायचे आहे. पुष्कळ मुलांनी गुलमोहर सांगितला. मी वड सांगितला. गुलमोहराची फुले छान असतात, पण ऐन उन्हाळ्यात त्याला पाने नसतात. वडाची सावली दाट. सगळे हसले, वड मोठा होईस्तोवर तू म्हातारा होशील म्हणाले. गुरुजी हसले नाहीत. रस्त्याला लागून नको, वडाला जागा लागते, आत सरकून लावू म्हणाले. वडाची जाड फांदी रोवली तरी ती फुटते. बाबा फांदी आणणार आहेत. मागच्या वर्षीचे रोप बकरीने खाल्ले, म्हणून या वेळी काट्यांचे कुंपण करणार. पाणी मी आणि आजी घालणार.

इयत्ता ४ थी, मासवण