जॉन स्कोप्स : खटल्यातले मास्तर



शाळेत सांगतात माणूस उत्क्रांत झाला, धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतात देवाने निर्माण केला. मग खरे काय, असे मुले विचारतात. हाच प्रश्न एकदा कोर्टात गेला होता. आरोपी होते जॉन स्कोप्स.

त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, पडुका येथे झाला. शिक्षण संपवून ते शेजारच्या टेनेसी राज्यात डेटन गावी शिक्षक व फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून लागले. मार्च १९२५ मध्ये त्या राज्याने कायदा केला : बायबलमधील निर्मिती नाकारून, माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असे सरकारी शाळांत शिकवायचे नाही. गंमत अशी की राज्यानेच नेमलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीचा पाठ होता! कायद्याला आव्हान द्यायला एक नागरी हक्क संघटना शिक्षक शोधत होती. गावाचे नाव होईल म्हणून डेटनच्या काही मंडळींनी औषधाच्या दुकानात बसून स्कोप्स यांना गळ घातली. जीवशास्त्राचा तास त्यांनी बदली म्हणून घेतला होता. तो पाठ शिकवला की नाही हेही त्यांना नीट आठवत नव्हते. तरी ते तयार झाले. वय अवघे चोवीस.

खटला जुलैमध्ये चालला. सरकारतर्फे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. बचावाला क्लॅरन्स डॅरो. डॅरो यांनी ब्रायन यांनाच साक्षीला उभे केले आणि योनाच्या माशापासून निर्मितीच्या दिवसांपर्यंत प्रश्न विचारून जेरीस आणले. मात्र ब्रायन यांना निव्वळ हटवादी समजू नये. बलवानांनी दुर्बळांना चिरडावे असा अर्थ लोक उत्क्रांतीतून काढतील, ही त्यांची भीती होती; आणि त्या पाठ्यपुस्तकात गोऱ्यांना सर्वांत वर ठेवणारी वंशांची प्रतवारी खरोखरच होती. चूक दुसरीकडे झाली. माणूस कसा घडला याचे उत्तर मिळाले की तो कोणी घडवला हा प्रश्न संपतो, असे धरूनच भांडण रंगले. संत थॉमस अक्विनस यांनी प्रथम कारण व दुय्यम कारणे यांतला फरक कितीतरी आधी सांगून ठेवला आहे. पाऊस देव देतो आणि ढगही देतात. त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. विज्ञानाच्या तासाला विज्ञानच शिकवावे. श्रद्धा शिकवण्याचे काम आईवडिलांचे आणि आम्हा धर्मगुरूंचे. ते सरकारच्या गळ्यात का घालावे?

ज्युरीने नऊ मिनिटांत दोषी ठरवले. दंड १०० डॉलर. पाचच दिवसांनी ब्रायन डेटनमध्ये झोपेतच वारले. दंड ज्युरीने नव्हे, न्यायाधीशांनी ठरवला, या तांत्रिक मुद्द्यावर १९२७ मध्ये शिक्षा रद्द झाली.

स्कोप्स यांनी मास्तरकी सोडली. शिकागोला भूगर्भशास्त्र शिकून ते तेल कंपनीच्या नोकरीवर व्हेनेझुएलात गेले. तेथे मिल्ड्रेड वॉकर यांच्याशी विवाहाच्या निमित्ताने त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार घेतला! पुढे १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी, आत्मा थेट देव निर्माण करतो हे कायम ठेवून, मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास व चर्चा करण्यास मुभा दिली.

१९६० मध्ये खटल्यावरील चित्रपटाच्या निमित्ताने स्कोप्स डेटनला आले, तेव्हाही तो कायदा लागूच होता. तो १९६७ मध्ये रद्द झाला. २१ ऑक्टोबर १९७० रोजी स्कोप्स वारले. त्यांचे दफन पडुका येथे झाले.