खराट्याची इबादत

रोज्यात भुकेपेक्षा मनाला आवरणे कठीण. या झगड्याला सूफी ‘मुजाहिदा’ म्हणतात. आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी तो खराटा हाती घेऊन केला.

१८७६ साली शेंडगावात जन्मलेले डेबूजी दापुरीला मामाच्या शेतात राबत वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून मने झाडायची. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

कोणी सजद्यातून पोहोचतो, कोणी खराट्यातून. कष्ट कोणालाच चुकत नाहीत. आज इफ्तारनंतर दस्तरखान आवरताना गल्लीतला कचराही उचलू या.