कोपऱ्यातली सही

माझे वडील तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवीत. दुकानदाराचे नाव मोठ्या अक्षरांत असे. वडील खाली कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी सही करीत. ती कोणी वाचलेली मी पाहिली नाही. पण त्यामुळे कोणत्याही चित्राचा कोपरा आधी पाहायची सवय मला लागली. वसतिगृहातील मित्राने भविष्य पाहायच्या टॅरो पत्त्यांचा जोड आणला, तेव्हाही मी तेच केले. पेटीवर रायडर आणि वेट अशी दोन नावे होती. पहिला प्रकाशक, दुसरा लेखक. पानांच्या कोपऱ्यात मात्र वेलीसारखी वळलेली तीन आद्याक्षरे होती. ती चित्रकर्तीची, पामेला कोलमन स्मिथ हिची.

पामेलाचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनमध्ये, अमेरिकन आईबापांच्या पोटी झाला. बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेले. १८९३ मध्ये ती ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाली. तिथे आर्थर वेस्ली डाऊ यांच्या शिकवणीतून जपानी छापचित्रांची ठाम बाह्यरेषा आणि सपाट रंग तिच्या हाती आले. १८९६ मध्ये आई गेली, पदवीविनाच शिक्षण सुटले, १८९९ मध्ये वडीलही गेले.

पुढे हेन्री आयर्विंग व एलेन टेरी यांच्या नाटकमंडळीचा सहवास तिला लाभला. माणूस नुसत्या उभे राहण्यातून काय सांगतो, हे ती रंगभूमीवर शिकली असावी. मग संगीत ऐकता ऐकता डोळ्यांसमोर येईल ते ती काढू लागली. बारकावे गळाले, लाटा, कडे आणि झुकलेल्या आकृती उरल्या. जानेवारी १९०७ मध्ये आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या छायाचित्रांच्या दालनात तिची चित्रे मांडली.

१९०९ मध्ये वेट यांनी टॅरोचे काम दिले. काही महिन्यांत तिने ७८ पाने काढली. जुन्या बहुतेक जोडांत अंकांच्या ४० साध्या पानांवर, आपल्या बदाम-किलवरप्रमाणे, नुसते पेले, तलवारी, काठ्या व नाणी मोजून मांडलेली असत. पामेलाने त्यांतल्या बहुतेक पानांवर माणसे आणली. पाच पेल्यांच्या पानावर तीन पेले सांडलेले आहेत, दोन मागे उभे आहेत. काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्यांकडेच पाहतो आहे. डाऊंची रेषा, रंगभूमीचा पवित्रा आणि संगीतातून आलेला साधेपणा या एका पानात मला एकत्र दिसतात.

एवढ्या कामाचे पैसे फार थोडे मिळाल्याचे तिने त्याच वर्षी स्टिगलिट्झ यांना पत्राने कळवले. १९११ मध्ये ती कॅथलिक झाली, नंतर कॉर्नवॉलला राहू लागली. १८ सप्टेंबर १९५१ रोजी ब्यूड येथे ती वारली. देणी भागवण्यासाठी तिचे सामान विकावे लागले. तिने काढलेली पाने मात्र पुढे जगभर गेली. आता पुष्कळ अभ्यासक त्या जोडाच्या नावात स्मिथ हे आडनावही जोडतात.

फ्लेक्स आल्यापासून वडिलांचे ब्रश माळ्यावर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी बाजारपेठेतून हिंडून त्यांच्या उरलेल्या पाट्या मोजल्या. सात निघाल्या. दुकानांची नावे वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येक नावापुढे वडिलांचे नाव लिहिले.