वायरबुशचा कारभारी

जर्मनी देशात ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे हिवाळा लांब, पाऊस पुष्कळ व जमीन हलकी. ओट, राय आणि बटाटे यांवर कुणब्याचा निर्वाह चाले. ह्याच प्रदेशात, कोलोनहून फ्रांकफुर्टास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, वायरबुश हे लहानसे खेडे वसले आहे. त्याचे नाव दूरवर पोहोचले ते फ्रेडरिक विल्हेल्म राइफायझेन ह्या गृहस्थामुळे.

ह्यांचा जन्म जवळच्या हाम गावी ३० मार्च १८१८ रोजी झाला. नऊ भावंडांत हे सातवे. बालपणीच वडिलांचा आधार तुटला. तेव्हा गावच्या पाळकांनी त्यांस शिकविले. पुढे ते तोफखान्यात चाकरीस राहिले, परंतु डोळे बिघडल्यामुळे ती सोडावी लागली. सन १८४५ त वायरबुश व आसपासच्या खेड्यांचा कारभार त्यांच्या हाती आला. आमच्याकडील पाटलाहून हा अधिकार काहीसा मोठा होता, इतकेच.

लागलीच बटाट्यांवर रोग पडला व धान्यही बुडाले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोक उपाशी मरू लागले. सरकारने पीठ पाठविले खरे, परंतु रोख पैसे घेऊनच ते द्यावे असा हुकूम होता. ज्याच्यापाशी रोख पैसा आहे तो उपाशी कशाला मरेल? राइफायझेन ह्यांनी हुकूम बाजूस ठेवून गरिबांस उधार पीठ दिले. मग सुखवस्तू लोकांकडून पैसा उभारून गावात भट्टी बांधिली व स्वस्त भाकरी पुरविली. मालास ऱ्हाईनकाठची पेठ मिळावी म्हणून रस्ताही करविला.

सन १८४८ त त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे निराळेच दुःख दिसले. सावकार शेतकऱ्यास गाय उधार देई, व्याज चढवी, आणि शेवटी गाय तर नेईच, शेतही नेई. आमच्या वाचकांस ही कथा समजावून सांगणे नको. दख्खनेत १८७५ साली ह्याच दुःखापायी लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळिली. राइफायझेन ह्यांनी १८४९ त साठ सधन गृहस्थांस एकत्र केले. ते सर्व मिळून जामीन राहिले, त्या जामिनकीवर कर्ज काढिले, आणि गरिबांस गाई घेऊन देऊन पाच वर्षांत हप्त्यांनी फेड करण्याची सवड ठेविली.

ख्रिस्ती प्रीतीने श्रीमंतांनी दीनांस हात द्यावा, हा त्यांचा मूळ विचार. परंतु १८५२ त हेडेसडॉर्फ येथे आल्यावर त्यांस कळून चुकले की दात्यांचा उत्साह फार काळ टिकत नाही. ही गोष्ट त्यांस जड गेली असावी, कारण जुनी रीत मोडावयास त्यांनी दहा वर्षे घेतली. सन १८६४ त तेथे नवी पतपेढी निघाली. ज्यास कर्ज पाहिजे त्याने स्वतः सभासद व्हावे. एकाच्या कर्जास सर्वांनी आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार राहावे. पेढीची हद्द लहान, म्हणजे कोण कष्टाळू व कोण उधळ्या हे सर्वांस ठाऊक. पंचांस वेतन नाही. नफा वाटावयाचा नाही, तो गंगाजळीत टाकावयाचा. जमीन नसलेल्याचा भला स्वभावच येथे तारण ठरला, ह्यात आम्हांस त्यांचे खरे चातुर्य दिसते.

दरम्यान पत्नी १८६३ त वारली. दृष्टी इतकी मंदावली की १८६५ त, वयाच्या ४७ व्या वर्षी, नोकरी सोडावी लागली. निवृत्तिवेतन तुटपुंजे, म्हणून उदरनिर्वाहासाठी त्यांनी द्राक्षारसाचा व्यापार केला. कन्या अमाली हिने त्यांचे डोळे होऊन पत्रव्यवहार सांभाळिला. सन १८६६ त त्यांनी पतपेढ्यांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले, व ते वाचून गावोगाव पेढ्या निघाल्या. ११ मार्च १८८८ रोजी हेडेसडॉर्फ येथे त्यांचा अंत झाला.

पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन ह्या अधिकाऱ्यास युरोपातील अशा पेढ्यांचा अभ्यास करण्यास नेमिले. त्यांचे वृत्त १८९५ व १८९७ साली बाहेर आले, आणि राइफायझेन ह्यांचीच रीत हिंदी खेड्यांस लागू पडेल असे त्यांत प्रतिपादिले होते. सन १९०४ त हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला.